गाडी सिस्टर झाली

आमच्या रस्त्यावर जंगलात मधोमध पेट्रोल संपलं, तर "पेट्रोल संपलं" असं कोणी म्हणत नाही. "गाडी सिस्टर झाली" म्हणतात. आलापल्ली सोडून हेमलकशाच्या बाजूला निघालं की हा शब्द सुरू होतो. सागाच्या रांगेतून कोणी गाडी ढकलत येताना दिसला की समोरचा हसतो, "काय भाऊ, सिस्टर झाली काय?" नव्यानं बदलून आलेल्या मास्तरांना वाटतं, हा गोंडी शब्द असेल, नाहीतर तेलुगू. तसं काही नाही. हा शब्द माझ्या गॅरेजातून निघाला.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला गमतीजमती लिहायला सांगितल्या होत्या. तीस-बत्तीस वर्षं मोटारसायकली उघडल्या, पेट्रोलच्या काट्याचा पारखी म्हणून माझं नाव झालं, तर हलकंफुलकं काहीतरी द्या मिस्त्री, असं म्हणाले. मी चार पानं लिहिलीही. त्यात मी फार हुशार होतो आणि गिऱ्हाईक सगळे येडे. बायकोला वाचून दाखवली. ती खुदूखुदू हसली आणि मग म्हणाली, "सिस्टरचं काऊन नाई लिहिलं? तेच तर खरं गमतीचं आहे." तिला बिचारीला काय ठाऊक! ती चार पानं मी चुलीत घातली आणि ही नवीन लिहितो आहे.

आधी काटा म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. टाकीच्या आत एक पोकळ फुगा असतो, त्याला आम्ही फ्लोट म्हणतो. तो तारेच्या टोकाला बसवलेला आणि पेट्रोलवर तरंगणारा. पेट्रोल उतरलं की फ्लोट उतरतो, तार झुकते आणि समोरचा काटा खाली येतो. बस, एवढंच यंत्र. पण टाकी काही बादलीसारखी सरळ नसते. वर रुंद, खाली दोन्ही बाजूंनी लोंबणारी, बैलाच्या पाठीवर टाकलेल्या गोणीसारखी. म्हणून काटा आधी दोन दिवस हलतच नाही आणि मग अर्ध्यापासून भराभरा पडतो. गाडी तिरप्या स्टँडवर असली तर एक सांगतो, चढावर दुसरंच. लोक म्हणायचे, "भाऊ, काटा खोटा बोलते." मी म्हणायचो, काटा खोटा बोलत नाही, तुम्ही त्याला भलत्या वेळी विचारता. सपाट जागी गाडी उभी करा, सरळ धरा, दहापर्यंत मोजा आणि मग पाहा.

मी स्वतः काट्याकडं पाहायचोच नाही. टाकीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचो. रिकामी जागा बोलते, पेट्रोल मुकं असतं. वरून खाली वाजवत आलं की जिथं आवाज बसतो तिथं पेट्रोल. पाव लिटरचा फरक मी सांगायचो. लोक पैजा लावायचे. एक वनरक्षक टाकीत बांबूची कामटी बुडवून तिच्यावर चाकूनं खुणा करायचा, आणि तरी माझ्याकडं येऊन म्हणायचा, "मिस्त्री, कामटी बरोबर सांगते काय, ते तुम्ही सांगा." अशानं माणूस फुगतो. मी फुगलो होतो. आता कान गेले आहेत, मला सगळ्याच टाक्या भरलेल्या वाटतात.

जुन्या गाड्यांना टाकीखाली एक कॉक असायचा. गाडी घुटमळली की तो फिरवायचा आणि तळाचं राखीव पेट्रोल सुरू व्हायचं. आमच्या भागात त्या कॉकवर लोकांचा जीव होता. पंप आमच्याकडं एक आहे आणि दुसरा कुठं आहे हे विचारू नका. मग फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्या आल्या आणि कॉक गेला. पेट्रोल संपलं की संपलं. वरून पेट्रोल ओढणारा पंप टाकीच्या आतच, पेट्रोलमध्ये बुडालेला. कोरडा फिरला की तोही तापून जातो. लोक हवालदिल झाले. तेव्हा मी एक युक्ती काढली. फ्लोटची तार मी थोडी वर वाकवायचो. मग खरं पेट्रोल जेवढं असेल त्याच्यापेक्षा काटा कमी दाखवायचा. काटा लाल पट्टीत शिरला तरी टाकीत लिटरभर शिल्लक. कॉकातला रिझर्व्ह मी काट्यात लपवला म्हणा ना! लोक त्याला "भित्रा काटा" म्हणायला लागले. "भाऊ, माझा काटा भित्रा करून द्या," म्हणत लांबलांबून गाड्या यायच्या.

हे काम झालं की तपासायची माझी एक रीत होती. टाकी पूर्ण कोरडी करायची, लिटरच्या बाटलीनं मोजून एकच लिटर ओतायचं आणि चावी लावायची. काटा लाल पट्टीच्या वरच्या रेघेवर येऊन थांबला तर काम पास. तो थोडाही वर राहिला तर तार पुन्हा काढायची. बाटलीशिवाय गाडी बाहेर सोडायची नाही, असं मी दहा जणांना सांगायचो.

आता कुंदाबाई. आमच्याकडच्या एका उपकेंद्रात त्या नर्स होत्या, मूळच्या नागभीडकडच्या. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. इतर बाया स्कूटी चालवायच्या, पण लहान चाकं आमच्या रस्त्यावर टिकत नाहीत म्हणून या मोटारसायकल शिकल्या. नऊवारीतल्या म्हाताऱ्या बाया त्यांना पाहून तोंडाला पदर लावायच्या, तर या गाडी थांबवून त्यांनाच मागं बसवायच्या. बोलणं मोजकं. काट्याबद्दल मात्र दर वेळी विचारायच्या. "भाऊ, लाल झाल्यावर किती जाईल? अंदाज नका सांगू, खरं सांगा." त्यांनी नवीन गाडी घेतली आणि काटा भित्रा करायला माझ्याकडं दिली.

नेमके त्याच दिवशी आलापल्लीचे दोन मास्तर माझा व्हिडिओ काढायला आले होते. मोबाईल समोर धरलेला, आजूबाजूला दहा-पंधरा माणसं. मी अंगात स्वच्छ शर्ट घातला होता, गॅरेजात! आधी टाकी वाजवून दाखवली, वाहवा झाली. मग कुंदाबाईंच्या गाडीची टाकी काढली, जुन्या ट्यूबवर उलटी ठेवली, खालची पट्टी खोलली आणि फ्लोटची तार बाहेर ओढली. एरवी मी ती तार हातात सुलटी करून घेतो, कारण टाकी उलटी म्हणजे तारही उलटी. त्या दिवशी मोबाईलला नीट दिसावं म्हणून जशी निघाली तशीच उजेडात धरली आणि म्हणालो, "हे पाहा, असं वर वाकवायचं." आणि वाकवली. हातातलं वर म्हणजे टाकीतलं खाली. भित्रा करायच्या ऐवजी मी काट्याला बढाईखोर करून ठेवलं. टाकी रिकामी झाली तरी तो लालच्या वर मिरवणार होता.

बाटली लावली असती तर तिथंच कळलं असतं. पण बाटली लावायला अर्धा तास जातो, आणि मास्तरांना परत जायची घाई होती, आणि मला व्हिडिओ पाहायची. मी टाकी बसवून दिली. वरून कुंदाबाईंना छातीठोकपणे सांगितलं, "बाई, लाल झाल्यावर बी पन्नास किलोमीटर डोळे मिटून जा."

त्याला आठ-दहा दिवस झाले असतील. तेंदूपत्त्याचा हंगाम, सगळी गावं पानं तोडायला जंगलात. हिरंगटोल्याहून सकाळी निरोप आला की सोमी नावाच्या बाईला कळा सुरू झाल्या आहेत आणि पोर आडवं वाटतं. कुंदाबाई पिशवी घेऊन निघाल्या. वाटेत एका किराणा दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळतं. तिथं त्यांनी गाडी थांबवली, सरळ धरली, मी शिकवलं तसं मोजून काटा पाहिला. काटा लालच्या बोटभर वर. म्हणजे लाल व्हायला अजून वेळ, आणि नंतर मिस्त्रीचा लिटर वेगळाच. त्या पुढं गेल्या. हिरंगटोला नऊ किलोमीटर राहिला असताना गाडी दोन आचके देऊन बंद पडली.

मोबाईलला रेंज नाही, रस्त्यावर माणूस नाही. त्यांनी गाडी ढकलली, मग टाकून दिली आणि पिशवी खांद्याला लावून भर उन्हात पायी निघाल्या. पोहोचल्या तेव्हा दुपार कलली होती. पोर झालं होतं, पण सोमीचं रक्त थांबत नव्हतं. त्यांनी जे करता येईल ते केलं, खाटेची कावड करून तिला रस्त्याला आणलं आणि तिथून जीपनं मोठ्या दवाखान्यात. आई-लेकरू दोघंही वाचली. वाचली म्हणून मी निदान हे लिहू तरी शकतो आहे. पण सोमी महिनाभर दवाखान्यात होती आणि त्यानंतर तिला मूल झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाबाई बाटलीतलं पेट्रोल टाकून गाडी घेऊन माझ्या दारात. पायाला फोड आले होते, चप्पल हातात. "भाऊ, काटा वर होता आणि पेट्रोल संपलं. म्या दोनदा पाह्यलं. जरा उघडून पाहा न."

मी टाकी काढली. बाई समोर बाकावर बसल्या होत्या, त्यांना पाठ करून मी तार बाहेर ओढली. हातात सुलटी धरली तर तार खाली वाकलेली, स्पष्ट. तेव्हा मी काय करायला हवं होतं ते कोणालाही सांगता येईल. मी पकड घेतली, बाईंच्या नजरेआड तार बरोबर केली, टाकी बसवली, हात पुसले आणि म्हणालो, "काटा बरोबर आहे बाई. उन्हात काचेवर चकाकी येते, तुमच्या नजरेची चूक झाली असंल."

त्यांनी गाडीची चावी उचलली. मग म्हणाल्या, "गावानं बोलावलं आहे. तुम्ही चलता काय? माझ्या बाजूनं बोलू नका. जे खरं आहे तेवढं सांगा."

मी गेलो. नाही म्हटलं असतं तर लोकांना शंका आली असती, म्हणून गेलो. हिरंगटोल्याच्या गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागी, सगळं गाव बसलं होतं. सोमीचा नवरा दसरू एका खांबाला टेकून होता. गावपाटलानं मला विचारलं, "मिस्त्री, गाडीचा काटा खराब होता काय?"

मी सोबत बाटली नेली होती. हे लिहिताना अजून माझे कान तापतात. तीच लिटरची बाटली, जी लावायला मला त्या दिवशी वेळ नव्हता! सगळ्यांसमोर टाकी कोरडी केली, एक लिटर ओतलं, चावी लावली. काटा लाल पट्टीच्या वरच्या रेघेवर येऊन थांबला. माझं काम पास. "पाहून घ्या," मी म्हणालो, "काटा बरोबर आहे."

दसरू उठला आणि कुंदाबाईंना म्हणाला, "तुले काटा बी नाई वाचता येत, तर सुई कशी देते?" बाई उठल्या. हात जोडले आणि म्हणाल्या, "माझी चूक झाली. मले माफ करा." गावानं ठरवलं की या बाईच्या हातची सुई नको. महिन्या-दोन महिन्यांत त्यांनी बदली मागून घेतली आणि नागभीडकडं निघून गेल्या.

त्या जायच्या आधीच एक गिऱ्हाईक गाडी ढकलत माझ्याकडं आलं आणि हसत म्हणालं, "भाऊ, माझी बी सिस्टर झाली." गॅरेजातले सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. पुढच्या गिऱ्हाइकाला तो किस्सा मीच सांगितला, त्याच्या पुढच्यालाही. शब्द जितका लांब जाईल तितकी माझी तार लांब राहील, हे मला आतून कळत होतं. एक आणखी सांगतो. तो व्हिडिओ रस्त्यावरच्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये होता. मी उलटी तार धरून "असं वर वाकवायचं" म्हणतो, ते त्यात स्वच्छ दिसतं. लोक एका हातात तो व्हिडिओ धरायचे आणि तोंडानं सिस्टरबाईला हसायचे. दुसरा एखादा मिस्त्री कधीतरी बोट ठेवेल म्हणून मी घाबरून होतो. कोणी ठेवलं नाही. मिस्त्री म्हणजे मीच होतो ना!

चार पानं चुलीत गेल्यावर मी नागभीडला गेलो. घर शोधलं. कुंदाबाई आता रिटायर व्हायला आल्या आहेत. मला पाहून खूश झाल्या, पाणी दिलं, चहा ठेवला, हेमलकशाकडच्या रस्त्याची चौकशी केली. जाड भिंगाचा चष्मा होता. मी म्हटलं, "चष्मा कधी लागला?"

"लागला कुठी! डॉक्टर म्हणते नंबर थोडासाच आहे. मीच जास्तीचा मागून घेतला." मग हसून म्हणाल्या, "तेव्हापासून भरवसा नाई न राह्यला भाऊ. सुई भरली की दुसऱ्या बाईले दाखवतो, पाहा बरं, रेघ बरोबर आहे न म्हणून. थर्मामीटर बी दोघीजणी पाहतो. पोरी हासतेत मले."

मी तिथंच सगळं सांगून टाकलं. तार, व्हिडिओ, पकड, बाटली. मान वर करून नाही सांगितलं, फरशीकडं पाहत सांगितलं. आतमध्ये चहा उकळत होता. त्या उठल्या, आत जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन बसल्या. चहा काही आला नाही.

त्यांनी एकच विचारलं. "म्हणजे काटा लालच्या वरच होता?"

"होता, बाई."

"बोटभर?"

"बोटभर."

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि मांडीवर ठेवला. "इतके वर्षं मी माझ्या डोळ्यांले शिव्या देऊन राह्यली," म्हणाल्या. मी हात जोडले तर म्हणाल्या, "मले हात नका जोडू. मले सांगून काय होते? जिथी खोटं बोलले तिथी जाऊन सांगा." मी म्हटलं, मी दिवाळी अंकात लिहिणार आहे. त्या म्हणाल्या, "हिरंगटोल्यात कोण वाचते दिवाळी अंक?"

खरं होतं. लिहिणं सोपं आहे, कागद काही तोंडावर बोलत नाही. मी आणखी पंधरा दिवस घरी बसून काढले, मग एका सकाळी हिरंगटोल्याला गेलो. गाव गोटुलात जमवायला पाटलाला सांगितलं. जमले तेवढे जमले. मी मोबाईलवर तोच व्हिडिओ लावला आणि जिथं माझा हात तार वाकवतो तिथं थांबवला. टाकी उलटी म्हणजे काय ते सोबत नेलेल्या तारेनं दाखवलं. मग म्हणालो, काटा खराब होता, तो मी खराब केला होता, आणि इथं बसून मी खोटं बोललो. सिस्टरबाईंनी बरोबर पाहिलं होतं.

कोणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. सोमी मागं उभी होती, तिच्याजवळ तिची पोरगी, शाळेच्या ड्रेसमध्ये. दसरूनं विचारलं, "मग बाईले मी जे बोललो, त्याचं काय?" मी मोबाईल बंद केला. तो उठून निघून गेला. दोन दिवसांनी मला कळलं की तो आणि पाटील बस बदलत बदलत नागभीडला जाऊन आले. तिथं काय बोलणं झालं ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गॅरेज आता भाचा चालवतो, मी सकाळी तासभर बाकावर बसतो. परवा दसरू गाडी ढकलत आला. घामानं डबडबला होता. भाच्यानं सवयीनं हसत विचारलं, "काय दसरूभाऊ, सिस्टर झाली काय?"

दसरूनं गाडी स्टँडला लावली. "नाई," तो म्हणाला. माझ्याकडं पाहून म्हणाला, हसला नाही. "आमच्या गावात आता तसं नाई म्हणत. गाडी मिस्त्री झाली."

मी उठलो आणि बाटली घेऊन त्याच्या टाकीत पेट्रोल ओतलं.